‘पेशंट हलला’ हे कारण वहीत चालणार नाही

नवीन इंटर्नची बॅच आली की पहिल्या दिवशी मी त्यांना मशीनला हात लावू देत नाही. बाहेर बसवते. आमच्या एक्स-रे रूमच्या बाहेर पेशंटसाठी एक लांब लाकडी बाकडं आहे, त्याचा एक पाय आखूड असल्यामुळे कोणी एक उठलं की बाकीचे सगळे हलतात, त्या बाकड्यावर पांढरा कोट काढून दोन तास बसायचं आणि लोक काय बोलतायत ते ऐकायचं. पोरांना वाटतं मॅडमना आज काम नकोय म्हणून टाइमपास करायला लावलाय. मग आत बोलावून विचारते, काय ऐकलं सांगा. दरवर्षी थोड्याफार फरकाने तेच येतं. एका आजींना वाटतंय आत करंट लावतात. एक माणूस मनगटाचा फोटो काढायला आलाय पण सकाळपासून पाणीसुद्धा प्यायला नाही, कारण शेजारणीला पोटाच्या फोटोला उपाशी बोलावलं होतं. एकाचं नाव तीनदा पुकारलं तरी तो उठलाच नाही कारण आम्ही आडनाव आधी घेतो आणि गावात त्याला त्या आडनावाने कोणी कधी हाक मारलेली नाही. हे सगळं ऐकून आत आलेला पोरगा वेगळा वागतो, निदान पहिले दोन दिवस तरी.

मी स्वतः २००१ पासून या कामात आहे. सरकारी भाषेत क्ष-किरण तंत्रज्ञ, पेशंटच्या भाषेत एक्स-रेवाल्या बाई, आणि पोरांच्या सर्टिफिकेटवर रेडिओग्राफर किंवा टेक्नॉलॉजिस्ट, दर काही वर्षांनी नाव बदलतं. पश्चिम महाराष्ट्रातलं ऊसपट्ट्यातलं हॉस्पिटल आहे, नाव नको. सीझनला ऊसतोडीवाले, वर्षभर मोटरसायकलवाले, आणि कडबाकुट्टीत बोटं गेलेले तर कायमच. गेली दहाएक वर्षं नेहमीच्या कामासोबत पोरं शिकवायचं काम पण माझ्याकडेच आलंय. बारावी सायन्सनंतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा पॅरामेडिकलचा डिग्री कोर्स करतात ही पोरं, तीन वर्षं कॉलेज आणि पुढे इंटर्नशिप. फिजिक्स पाठ असतं. एक्स-रे ट्यूबची आकृती झोपेत काढतील. पण गुडघा सुजलेल्या म्हाताऱ्याला टेबलावर कसं चढवायचं हे कोणी शिकवलेलं नसतं.

आम्ही शिकलो तो काळ फिल्मचा होता. डार्करूम असिस्टंट होते आमच्याकडे, सगळे त्यांना मामा म्हणायचे, त्यांनी मला जितकं शिकवलं तितकं पुस्तकाने नाही शिकवलं. लाल दिव्यात हँगरला फिल्म लावायची, डेव्हलपरमध्ये चारपाच मिनिटं, मग धुवायची, मग फिक्सर, मग वाहत्या पाण्यात, मग वाळत घालायची. डेव्हलपर २० डिग्रीच्या आसपास पाहिजे असं पुस्तकात लिहिलेलं आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये बाहेर चाळीस, मग मामा बर्फाच्या फॅक्टरीतून लादी आणून टाकीच्या बाहेरच्या पाण्यात सोडायचे आणि बोट बुडवून सांगायचे, झालं आता, आण. थर्मामीटर होता पण त्यांचं बोट जास्त बरोबर असायचं. ॲक्सिडेंटचा पेशंट असला की डॉक्टर वाळायची वाट बघत नसत, ओली फिल्मच हातात, खाली पाणी टपकतंय, फिक्सरचा तो आंबट वास सगळ्या कॅज्युअल्टीत. अजूनही कुठे व्हिनेगरची बाटली उघडली की मला मामा आठवतात.

आणि प्रत्येक फिल्म मोजलेली. १२ बाय १५ किती, १० बाय १२ किती, ८ बाय १० किती, स्टॉक रजिस्टरला नोंद. खराब झाली तर खराबच्या रकान्यात लिहायचं आणि खराब फिल्म खोक्यात टाकायची, ती पण मोजून. महिनाअखेरीला साहेब रजिस्टर उघडून बोट ठेवायचे, हे काय? तेव्हा जो घाम फुटायचा ना, त्याने आमचं पोझिशनिंग सुधारलं. पेशंटच्या काळजीने सुधारलं असं म्हणायला मला आवडेल पण खरं सांगायचं तर फिल्मच्या किमतीने सुधारलं.

मग सीआर आलं, म्हणजे फिल्मऐवजी प्लेट आणि ती कॉम्प्युटरने वाचायची, मग डीआर आलं, म्हणजे पॅनेलवरून थेट कॉम्प्युटरवर. आता बटण दाबलं की दोनचार सेकंदात फोटो स्क्रीनवर. चुकला? रिजेक्ट दाबा, परत घ्या. ना फिल्म जाते ना कोणी विचारतं. सुरुवातीच्या एका बॅचमधला पोरगा मी बाजूच्या केबिनमधून बघत होते, त्याने एका बाईच्या कंबरेच्या लॅटरलसाठी, म्हणजे बाजूने घ्यायच्या फोटोसाठी, चार शॉट मारले. चार! आणि चौथा चांगला आला म्हणून खूश होऊन मला दाखवायला आला, बघा मॅडम मणक्यांमधल्या डिस्क स्पेस कशा क्लिअर आल्यात. मी म्हणलं आधीचे तीन कुठायत. म्हणे ते डिलीट केले. मी म्हणलं स्क्रीनवरून केले रे, तिच्या कंबरेतून कसे करणार? तो गप्प. त्याची पण चूक नाही म्हणा, त्याला फोटो चांगला काढायला शिकवलं होतं, एकदाच काढायला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. बाहेरून नाव टाकलं रिपीट वही. रकाने पाच, तारीख, कुठला व्ह्यू, कितव्यांदा, कारण, सही. नियम एकच, रिपीट झाला की पुढचा पेशंट घ्यायच्या आधी लिहायचं. मी मोठा शोध लावला असं काही नाही, बाहेर चांगल्या डिपार्टमेंटमध्ये रिजेक्ट ॲनालिसिस नावाने हे रीतसर करतात, कॉम्प्युटरवर. आमच्याकडे वही.

पहिल्या महिन्यात चार पानं भरली आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच. पेशंट हलला. पेशंट हलला. पेशंट हलला. मध्येच एकाने ‘पे. ह.’ असं शॉर्टकट लिहिलेलं. खाली त्याच कारणाला डिट्टो मार्क.

मी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं की आजपासून हे कारण बंद. हलला हे मला फोटोत दिसतंयच, का हलला ते लिहा. पोरं वैतागली, मॅडम आता ते पेशंटला कसं विचारायचं. म्हणलं विचारू नका, आठवा. आणि मग हळूहळू वहीतली भाषा बदलायला लागली, ती पानं मी अजून जपून ठेवलीयेत. ‘टेबल थंड होतं, सांगितलं नव्हतं.’ ‘हात वर घ्या म्हणालो, खांदा दुखत होता हे नंतर कळलं.’ ‘आजोबांना ऐकू येत नाही.’ ‘श्वास धरा म्हणालो आणि मग कन्सोलवर केव्ही सेट करत बसलो.’ केव्ही म्हणजे किरणांची ताकद ठरवणारा आकडा. हे शेवटचं लिहिणाऱ्या पोराला मी चहा पाजला, कारण खरं लिहिलं होतं. काचेच्या पलीकडे माणूस छाती फुगवून निळा पडतोय आणि हा इकडे बटणं शोधतोय, हे आम्ही सगळ्यांनी केलंय.

छातीचा फोटो हा सगळ्यात सोपा समजतात आणि मी सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच घालवते. पीए व्ह्यू, म्हणजे पेशंटचं तोंड स्टँडकडे, ट्यूब पाठीमागे १८० सेंटिमीटरवर. हनुवटी वर टेकवायची, हाताचे पंजे उलटे करून कमरेवर, आणि कोपरं पुढे ढकलायची. कोपरं पुढे का, तर खांद्याची फरी फुफ्फुसावरून बाजूला सरकावी म्हणून, नाहीतर तिची सावली दोन्हीकडे पडते. पुस्तकात हे चार ओळीत आहे. आता हेच साठ वर्षाच्या शेतकऱ्याला सांगा. ‘कोपर पुढे करा’ म्हणलं की तो अख्खा वळतो. मग पोरं मागून खांदे धरून ढकलतात, तो दचकतो, श्वास अर्धवट, फोटो वाया. मी पोरांना सांगते आधी त्याच्या शेजारी उभं राहून तू स्वतः करून दाखव. बघा काका, असं. लगेच जमतं. आणि हात लावायच्या आधी सांगायचं की हात लावतोय, विशेषतः बाईपेशंटला, आणि तुझे हात गार असतील तर चोळून घे.

मग श्वास. ‘डीप इन्स्पिरेशन’ म्हणजे मराठीत काय यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. श्वास रोखा म्हणलं तर लोक जिथं आहे तिथंच थांबवतात, अर्धा घेतलेला असतो अर्धा सोडलेला. लांब दम घ्या, अजून घ्या, धरून ठेवा, हे चालतं. आम्ही तर एकदा आधी रिकामी प्रॅक्टिस करून घेतो. कर्नाटकाकडचे पेशंट येतात त्यांच्यासाठी कानडीतलं एक वाक्य कन्सोलवर चिकटवून ठेवलंय, देवनागरीत लिहून, उच्चार ऐकून ते लोक हसतात पण श्वास धरतात. फोटो आला की मागच्या बाजूच्या फासळ्या मोजायच्या, छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या वर दहा दिसल्या तर दम बरोबर, सातआठच दिसल्या तर फुफ्फुसं दबलेली, खालच्या भागात न्यूमोनियासारखं पांढुरकं दिसतं आणि हृदय उगाच मोठं वाटतं. म्हणजे आपण नीट बोललो नाही म्हणून एखाद्याला नसलेला आजार चिकटू शकतो. आणि एवढं सगळं करून पोरं शेवटी ‘सोडा’ म्हणायला विसरतात. एक आज्जी फोटो झाल्यावर पण गाल फुगवून उभ्या, हा कॉम्प्युटरमध्ये नाव टाकतोय, शेवटी त्याच वैतागून म्हणाल्या, आरं बाळा मरू का मी?

दागिने हा एक वेगळाच विषय. कॉलेजात शिकवतात ‘रिमूव्ह ऑल ऑर्नामेंट्स’, संपलं. मंगळसूत्र काढा म्हणलं की आमच्याकडे अर्ध्या बायकांचा चेहरा पडतो आणि सासू बरोबर असेल तर विचारूच नका. पूर्वी मी पण भांडायचे. आता भांडत नाही, छातीच्या फोटोला वर ओढून दातात धरायला सांगते, काळे मणी फुफ्फुसाच्या वर राहतात, माझंही काम होतं तिचंही. मानेच्या फोटोला मात्र काढावंच लागतं, तेव्हा मी सांगते काढून हातात घट्ट धरा, अंगावरच आहे. पण पोरं मंगळसूत्र बघतात आणि वेणी विसरतात! जाड तेल लावलेली वेणी पुढे खांद्यावर आली की फुफ्फुसाच्या टोकाला अशी सावली पडते की टीबी वाटावा. एकदा एक मुलगी थुंकीच्या तपासणीपर्यंत जाऊन आलीये आमच्याकडून, तेव्हापासून अंबाडा वर बांधण्यासाठी रबराचं पाकीट ड्रॉवरमध्ये असतं. बाकी ताईत, करदोट्याला बांधलेली चावी, कनवटीला लावलेली नाणी, शर्टाच्या खिशातली गुटख्याची पुडी, या सगळ्याचे फोटो आमच्या संग्रहात आहेत.

८ नोव्हेंबरला रेडिओग्राफी डे असतो तेव्हा पोरं तक्ते बिक्ते लावतात. १८९५ साली त्याच तारखेला राँटगेनला जर्मनीत वुर्त्सबुर्गला हे किरण सापडले म्हणून. आणि २२ डिसेंबरला त्याने बायकोच्या हाताचा फोटो काढला, तो सगळ्यांनी बघितलाय, बोटात अंगठी असलेला. मी दरवर्षी तोच जोक मारते, बघा, पहिल्याच पेशंटची अंगठी काढायची राहिली. पण त्या फोटोला सुमारे पंधरा मिनिटं एक्स्पोजर दिलं होतं. पंधरा मिनिटं ती बाई हात ठेवून बसली. आपलं मिलिसेकंदात होतं आणि आपण वहीत लिहितो पेशंट हलला.

लहान मुलं. यात मी हुशारी मारणार नाही, मला स्वतःला यायला बरीच वर्षं लागली. दीड वर्षाचं पोर, ताप, खोकला, छातीचा फोटो पाहिजे, आणि ते दारातूनच किंचाळत येतं. नवीन पोरं ते शांत व्हायची वाट बघतात, खुळखुळा वाजवतात, मोबाईल दाखवतात. वीस मिनिटं जातात आणि ते जास्तच चिडतं. मामांनी मला शिकवलेली युक्ती मी त्यांना देते, रडणारं मूल श्वास घेतंच. एक लांब किंचाळी, मग एक क्षण गप्प, मग छाती भरून श्वास आत, मग पुढची किंचाळी. तो आतला श्वास पकडायचा. स्विचचे दोन टप्पे असतात, पहिल्या दाबाला आत रोटर फिरायला लागतो, घर्र असा आवाज येतो, पूर्ण दाबलं की शॉट. तर किंचाळी संपत आली की पहिला टप्पा दाबून ठेवायचा, डोळे कन्सोलवर नाही, काचेतून पोटाकडे, आणि पोट वर आलं की दाबायचं. एका इंटर्न मुलीला मी हे सांगितलं तर ती तीन दिवस वॉर्डात जाऊन नुसती रडणारी पोरं बघत बसली, ताल पकडायला. सिस्टर लोक मला विचारायला आल्या की तुमची ही पोरगी तिथं काय करते. त्या मुलीचे लहान मुलांचे फोटो माझ्यापेक्षा चांगले यायचे. आईला सोबत ठेवलं तर तिला लेड ॲप्रन, आणि आधी विचारायचं दिवस वगैरे गेले नाहीत ना.

हे विचारणं हा मुलग्यांसाठी सगळ्यात अवघड धडा. पोटाचा, कंबरेचा फोटो असेल आणि बाई वयात असेल तर पाळी कधी आली होती हे विचारायलाच पाहिजे. भिंतीवर बोर्ड आहे, ‘गर्भवती असल्यास आधी सांगा’, पण बोर्ड कोण वाचतं. वीस वर्षाचा पोरगा, समोर त्याच्याच वयाची मुलगी, बाजूला तिची सासू. तो विचारतो ते पण इंग्लिशमध्ये, एलएमपी? सासू म्हणते काही नाही, काढा तुम्ही. एकदा असंच झालं, नुकतं लग्न झालेली मुलगी, कंबर दुखते म्हणून फोटो लिहिलेला, सासूने सगळी उत्तरं दिली आणि आमचा इंटर्न तिला टेबलावर घेणारच होता. मी सासूबाईंना म्हणलं मावशी या कागदावर शिक्का राहिलाय, तेवढा केसपेपरच्या खिडकीवरून मारून आणा. शिक्का बिक्का काही लागत नव्हता. त्या गेल्यावर विचारलं तर मुलगी खाली बघून म्हणाली, आठ दिवस वर गेलेत, घरात अजून सांगितलं नाही. फोटो काढला नाही, चिठ्ठी लिहून डॉक्टरांकडे परत पाठवली. तेव्हापासून ‘शिक्का मारून आणा’ हा आमच्याकडे कोडवर्ड झालाय, पोरं बरोब्बर वापरतात.

स्वतःला जपायचं हे त्यामानाने लवकर शिकतात कारण भीती असते. उलट जास्तच असते, एकाच्या आईने फोन करून विचारलं होतं याचं पुढे लग्नाला, मुलाबाळांना काही अडचण येणार नाही ना. त्यांना बसून सांगितलं, नियमाने किरणांमध्ये काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेल्या किरणांचं माप) ही मर्यादा आहे, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, आणि नीट काम केलं तर आमचे आकडे त्याच्या जवळपास पण जात नाहीत. टीएलडी बॅज, म्हणजे आपल्यावर किती किरण पडले ते नोंदवणारा बिल्ला, छातीवर लावायचा, लेड ॲप्रनच्या आत, दर तीन महिन्यांनी तो मोजायला जातो. एका महाशयांनी बॅज ॲप्रनलाच लावून ठेवला आणि ॲप्रन रूममध्ये स्टँडवर. म्हणजे हा हॉस्टेलला झोपलाय आणि त्याचा बॅज दिवसभर स्कॅटर, म्हणजे विखुरलेले किरण, खातोय. मी म्हणलं बाबा हा डोस तुझ्या नावावर चढतो, उद्या खुलासा तू लिहिशील का बॅज लिहील. ॲप्रनची घडी घालायची नाही, आत शिशाचा थर असतो, घडीवर चीर पडते आणि बाहेरून दिसत पण नाही. आयसीयूत पोर्टेबल मशीन घेऊन गेलं की मोठ्याने ‘एक्स-रे’ ओरडायचं, वायर पूर्ण ताणून दोन मीटर मागे जायचं. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो, यापेक्षा स्वस्त ॲप्रन जगात नाही.

डिजिटलमध्ये एक चोरटी गोष्ट होते ती पण सांगते. फिल्म जास्त एक्स्पोज झाली की काळी ठिक्कर आणि कमी झाली की पांढरी फटक, चूक लपायची नाही. डीआरमध्ये डोस कमी पडला तर फोटो दाणेदार येतो आणि डॉक्टर ओरडतात, पण जास्त पडला तर कॉम्प्युटर सांभाळून घेतो, फोटो छानच दिसतो, कोणीच ओरडत नाही. मग पोरं काय करतात, हळूच फॅक्टर, म्हणजे डोस ठरवणारे आकडे, वाढवत नेतात. रिपीट नाही म्हणजे वहीत पण येत नाही! हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आता स्क्रीनच्या कोपऱ्यात एक्स्पोजर इंडेक्सचा, म्हणजे पॅनेलवर किती किरण पडले त्याचा, आकडा येतो तो पण अधूनमधून लिहायला लावते. त्यावरून मला कंजूष म्हणतात, म्हणू देत.

माझी चूक पण मी दर बॅचला सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मार्करचं महत्त्व कळत नाही. नोकरीचं दुसरं वर्ष. मार्कर म्हणजे उजवं-डावं दाखवणारी शिशाची आर आणि एल अक्षरं असायची, चिकटपट्टीने फिल्मच्या कॅसेटवर लावायची. उभ्या पेशंटच्या मागे आपण असतो त्यामुळे माझा उजवा तोच त्याचा उजवा, हाताला तीच सवय. त्या दिवशी पेशंट ट्रॉलीवर, तोंड माझ्याकडे, आणि मी सवयीने माझ्या उजव्या बाजूला आर लावला. छातीत पाणी झालेलं उजवीकडे, फिल्मवर दिसलं डावीकडे. डॉक्टर सुई घालून पाणी काढणार होते. नशीब त्यांना जठरातल्या हवेचा बुडबुडा आर लिहिलेल्या बाजूला दिसला, तो असतो डावीकडे, आणि मग त्यांनी पाठीवर बोटांनी ठोकून बघितलं. मला ओरडले नाहीत. फिल्म माझ्या हातात दिली आणि म्हणाले, बघा जरा. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं. आता पोरं कॉम्प्युटरवर नंतर अक्षर टाकतात, मी ते चालू देत नाही, मार्कर फोटो घेतानाच पॅनेलवर पाहिजे.

सीटी आणि एमआरआयला आमच्याकडून पोरं दुसरीकडे जातात त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. एमआरआयला पाठवताना एवढंच, २०१८ च्या जानेवारीत मुंबईत एका हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेला आणि सिलिंडरसकट माणूस ओढला जाऊन गेला, पेशंट पण नव्हता, नातेवाईक होता. चुंबक चोवीस तास चालू असतं, स्कॅन चालू असो नसो. खिशातली पेन, किल्ल्या, सगळं बाहेर, आणि दारात कोण येतंय त्यावर नजर. यावर जोक नाही.

राग कशाचा येतो तर ‘सहा महिन्यात एक्स-रे टेक्निशियन’ अशा पत्रकांचा. एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवलेली असतात. दरवर्षी कोणीतरी एक पोरगा असं सर्टिफिकेट घेऊन येतो, बापाने शेळ्या विकून फी भरलेली, आणि मला त्याला सांगावं लागतं की हे मान्य नाही. २०२१ ला केंद्राने आमच्यासारख्या सगळ्यांसाठी कायदा केला, आयोग आहे, नोंदणी येणार म्हणतात, तो पूर्ण लागू व्हायची वाट बघतोय. तोपर्यंत भिंतीवरचे कागद मी जाता येता फाडते. एवढंच हातात आहे.

मागच्या मे महिन्यात वहीत माझं नाव आलं. दुपारचे दोन, जेवण राहिलेलं, मनगटाचा फोटो, एक मुलगा ट्रॅक्टरवरून पडलेला. लॅटरल थोडा फिरलेला आला, दोन्ही हाडं एकावर एक बसली नाहीत, रिपीट घेतला. आणि डब्याकडे निघाले तर इंटर्न मुलगी वही उघडून पेन ठेवून उभी. काही बोलली नाही. मी तारीख लिहिली, व्ह्यू लिहिला आणि कारणाच्या रकान्यात चक्क ‘पे’ लिहून झाला होता. खोडला. लिहिलं, ‘हाताखाली स्पंज लावायचा कंटाळा केला.’ सही केली. तिने वही मिटली आणि म्हणाली मॅडम डबा गरम करू का.

पोरं पुढे पांगतात. काही पुण्याला खाजगी सेंटरला, दिवसाला सत्तरऐंशी पेशंट, तिथं वही लिहायला कोणाला वेळ. दोघं आखाती देशात गेलेत. त्या चार शॉटवाल्याचा परवा रात्री फोन आला, मला वाटलं काही अडलं असेल. तर तो सांगत होता की त्यांच्याकडे वाकड्या मणक्याच्या मुलांचा पूर्ण पाठीचा फोटो तुकड्यातुकड्यात घेऊन सॉफ्टवेअरने जोडतात, आणि जोड नीट बसायचा तर मधल्या वेळात मुलाने अजिबात हलायचं नाही, त्यासाठी त्याने काय केलंय तर पायाची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवलीये आणि मुलांना सांगतो या पावलांवर पुतळा व्हायचं. आमच्याकडे हे मशीन नाही, मी कधी घेतलेला पण नाही हा फोटो. मी विचारलं पावलांमध्ये अंतर किती ठेवतोस, पाठ पॅनेलला टेकवतोस का लांब, कितव्या मणक्यावर जोड येतो, आणि तो सांगत गेला तसं रिपीट वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं. चिकटपट्टी पिवळी आहे म्हणाला, पांढरी मळते.